तळाच्या थरातला गुडघा

१४ एप्रिल
उजवा गुडघा बदलायचा, ठरलं एकदाचं. डॉ. म्हणाले, "चालाल, जिने चढाल. सगळं करता येईल मावशी!" सगळं! परळहून लालबागला घरी येईपर्यंत तोच शब्द डोक्यात. दहीहंडीला चार महिने आहेत. आमच्या महिला गोविंदा पथकात तळाच्या थरात मधली जागा माझी, पथक निघालं तेव्हापासून. गेल्या वर्षी गुडघ्यापायी बाजूला उभी राहिले, आणि घरी येऊन भांडी आपटली.
डॉ.ना यातलं काही सांगितलं नाही. "काय करता?" विचारलं, "घरकाम" म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

२१ एप्रिल
उद्या अॅडमिट, परवा ऑपरेशन. पथकातल्या मुली येऊन गेल्या. मुली म्हणजे काय, सुषमाला सून आलीय, पण पथकात सगळ्या मुलीच. सुषमाने चक्क माझ्या गुडघ्यावरून नारळ ओवाळला. म्हटलं, अगं, नवी गाडी आहे का ही? तर म्हणते, "गाडयेक ओवाळतत, मगे ह्या तर चाकच बदलूचा आसा!" पोट दुखेपर्यंत हसलो. भीती आहे. पण भीतीपेक्षा घाई जास्त.

२४ एप्रिल
काल झालं. आज लगेच वॉकर. फिजिओवाली स्नेहा, लेकीच्या वयाची, म्हणते, "उभ्या राहा, पायावर वजन टाका." गावच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाली. नेमक्या तेव्हाच मुली भेटायला, पथकाचे टी-शर्ट घालून. मी जरा डुलले मात्र, कोणी न सांगता सगळ्यांनी घेरा केला आणि माझ्या पाठीला, कमरेला हात लावले. सवयच ती. मी एकदम ताठ! वा, जमलं की!
स्नेहा ओरडली, "त्या उभ्या आहेत, तुम्ही नाही! सोडा त्यांना."
सुटल्यावर लटलट कापले. पण उभी राहिले, एकटी!
आरडाओरडा ऐकून डॉ. आले. टी-शर्टवरचं थरांचं चित्र बघून विचारलं, "ह्यांच्या खांद्यावर कोण चढतं?" पथकातल्या कॉलेजात जाणाऱ्या प्रणालीने मोठ्या कौतुकाने हात वर केला. झालं! डॉ. सावकाश म्हणाले, "मावशी, सगळं म्हणजे माणसं खांद्यावर घेणं नव्हे. ते आता कधीच नाही."

२५ एप्रिल
रडले. भरपूर. ह्यांनी आणलेली पेज परत पाठवली. हे म्हणतात, "आधीच सांगायचं होतंस त्यांना."
आधी सांगितलं असतं तर आधीच नाही म्हणाले असते!

१८ मे
वॉकर सुटला, काठी आली! आज जिना. चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुखरा. पार खाली फाटकापर्यंत जाऊन आले. चाळीतल्या बायका दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. अशी मिरवणूक लग्नातही निघाली नव्हती माझी.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
सरावाचा नारळ फुटला. मधे सुषमा. मी खुर्चीत, गळ्यात शिट्टी. तिसरा थर चढताना सुषमा हलली. "मान खाली, हनुवटी छातीला!" एवढं ओरडल्याचं आठवतं. पुढचं भान आलं तेव्हा काठी कुठेतरी पडलेली आणि मी घेऱ्यात, खांदा लावून. ह्यांनी मागून ओढून काढलं.
गुडघा टम्म फुगला. बर्फ लावून बसलेय. स्नेहाने फोनवर यथेच्छ झापलं. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली. मी धावले होते! कितीतरी वर्षांनी धावले!

३ ऑगस्ट
एक्स-रे ठीक, सूज गेली. स्नेहाने देवाची शपथ घ्यायला लावली. घेतली. कुठल्या देवाची ते तिने विचारलं नाही.

१५ ऑगस्ट
उद्या हंडी!! झेंडावंदनानंतर शेवटचा सराव. सगळे थर लागले, प्रणालीने वरून सलामी दिली. सुषमा जराही हलली नाही. टाळ्या वाजवून माझे हात लाल झाले, आणि हेवाही वाटला. माझी जागा आहे ती. दोन्ही खरं.
उद्या मी बाजूला उभी राहून शिट्टी वाजवायची. एवढंच. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, थर लागताना माझा हात घट्ट धरा. काहीही झालं तरी सोडू नका."
"धरतो की. पण सुषमा हलली आणि तू हिसका दिलास तर?"