जोडीची हजेरी

अल नहदा, शारजा
२६ मार्च २०२५

ती. सगुणाताईस,
राजनचा सा. न. वि. वि.

मी, राजन विष्णू पोंक्षे, वय छप्पन्न, वाणिज्य पदवीधर, जुमेरा लेक टॉवर्स येथील मालवाहतूक कंपनीत कागदपत्र विभागाचा प्रमुख, हे पत्र एका प्रवासाची पूर्वसूचना देण्यासाठी लिहीत आहे. शेजारचा तय्यब ईदेसाठी राजापूरला निघाला आहे. नेहमीप्रमाणे पत्र त्याच्या हाती देतो. सोबत खजूर आहेत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, तेव्हा आपला हा जुना रिवाजच बरा.

येत्या १२ एप्रिलला दुबईतील मराठी मंडळींच्या सहलीबरोबर मी ऑस्ट्रेलियाला जात आहे. तेथील व्हिक्टोरिया प्रांतात पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोने सापडले आणि जगभरची माणसे तिकडे धावली. ती गावे आणि खाणी दहा दिवसांत पाहायच्या आहेत. आम्ही पंचवीस जण आहोत: बारा जोडपी आणि मी. लग्नाचे पंचविसावे वर्ष म्हणून मी विभावरीचेही नाव दिले होते. परंतु मुलीची, इराची परीक्षा असल्याने विभावरीला पुणे सोडता येत नाही. कार्यक्रमाची छापील प्रत, तेथील आणि भारतातील अशा दोन्ही वेळांसह, तिला पाठवली आहे. प्रत्येक ठिकाण सोडताना 'निघालो' एवढा संदेश तिला करणार आहे. इराने उत्तरादाखल इंग्रजीत 'एन्जॉय' असे कळवले.

येथे सर्व ठीक. इराची खोली आठवड्यातून एकदा उघडतो आणि तासभर एसी लावतो, म्हणजे भिंतींना बुरशी धरत नाही. कंपनीने आणखी दोन वर्षांचा करार पुढे केला आहे. १५ मेपर्यंत सही द्यायची आहे. परत आल्यावर देईन.

लोभ आहे, त्यात खंड नसावा.

तुझा,
राजन

---

राजापूर
४ एप्रिल २०२५

चि. राजन यास,
अनेक उ. आ.

तुझं पत्र उघडलं आणि घटकाभर मी तहसीलदार झाले. सख्ख्या बहिणीला वय आणि पदवी कळवणारा भाऊ पंचक्रोशीत दुसरा नसेल. खजूर पावले. तय्यबने ओटीवर बसून दोन वाट्या सोलकढी घेतली आणि तुझी तक्रार केली. इफ्तारला रोज बोलावलं तरी तू फक्त शुक्रवारी येतोस, तेही साडेसहाला सुरू होणाऱ्या कार्यक्रमाला सव्वासहाला, असं म्हणाला. त्याच्या बायकोच्या, मरियमबींच्या हातची खीर मात्र सोडत नाहीस म्हणे.

अठ्ठावीस वर्षं सोन्यामागे गेलास ते पुरे झालं नाही, म्हणून आता परक्यांची खाण बघायला चाललास! जा, बघून ये. पण एक सांगते. इराची परीक्षा होळीच्या आधीच संपली. ती मला भेटून, आंबोशी घेऊन परत गेली. मग मी विभावरीला विचारलं. दहा दिवस एकत्र हिंडायचं आणि अकराव्या दिवशी विमानतळावर दोघांनी दोन दारांनी जायचं, ते आता नको, असं ती म्हणाली. इराच्या अकरावीसाठी त्या दोघी पुण्याला आल्या त्याला सहा वर्षं झाली. तेवढ्यात तीन वेळा 'शेवटची दोन वर्षं' ऐकली. चौथ्यांदा ऐकायची ताकद नाही, म्हणाली. रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. अगदी शांत होती.

सही तुझी, हात तुझा. मी मध्ये पडत नाही. पण 'मी येऊ का' असं तू तिला कधी विचारलं आहेस का? सहीच्या आधी तेवढं कर.

थंडीचं स्वेटर ने. आमची आठवण आहे तशीच राहू दे.

ताई

---

अल नहदा, शारजा
२४ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी २२ तारखेस सुखरूप परतलो. मरियमबी उद्या राजापूरला माहेरी निघत आहेत, त्यांच्याकडे हे पत्र देत आहे.

एक प्रसंग तुला कळवणे आवश्यक वाटते. सहलीचा प्रमुख कुशल हा चांगला मनुष्य आहे. परंतु तो बसमध्ये फिरून डोकी मोजत असे आणि दर वेळी निराळा आकडा येई. दुसऱ्याच दिवशी मी त्याला एक पद्धत घालून दिली. प्रत्येक जोडीने आपला जोडीदार शेजारी आहे हे पाहावे आणि एक हात वर करावा. बारा हात दिसले की बस सोडावी. अर्ध्या मिनिटाचे काम. मंडळींनी तिला 'जोडीची हजेरी' असे नाव दिले आणि काका ऑफिस सोबत घेऊन आलेत, अशी माझी चेष्टाही केली.

चौथ्या दिवशी आम्ही बॅलरॅटला होतो. तेथे सोन्याच्या काळातील गाव पुन्हा उभारलेले आहे. ओढ्यात पसरट परातीने वाळू घोळायला देतात. मला तीन कण मिळाले. पुढे जुने टपाल कार्यालय आहे. खाणीवर आलेली माणसे दोनच वर्षांसाठी म्हणून येत, असे तेथील वाटाड्याने सांगितले. मग एक खड्डा संपला की पुढचा, असे करत ती दूर जात आणि घरून आलेली पत्रे टपालात पडून राहत. त्या माणसांची नावे वर्तमानपत्रात छापली जात. तशी एक यादी भिंतीवर आहे. सवयीप्रमाणे मी तिच्यात चुका शोधू लागलो, आणि मग केव्हा नुसताच वाचत राहिलो ते कळले नाही.

बस अडीचला सुटायची होती. घड्याळ पाहिले तेव्हा दोन वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती. ताई, इतक्या वर्षांत मी कोठेही उशिरा पोचलेलो नाही. धावत गेलो. बसची जागा रिकामी होती.

प्रथम कुशलचा राग आला. नंतर लक्षात आले की त्याचे काहीच चुकले नव्हते. बारा जोड्यांनी बारा हात वर केले होते. मी घालून दिलेल्या पद्धतीत मी स्वतः कोठेच नव्हतो.

फाटकावरच्या बाईंनी मला खुर्ची दिली आणि तुमच्याबरोबर कोण आहे, असे विचारले. मी चोवीस जण असे सांगितले. तसे नव्हे, तुमच्याबरोबर कोण, असे त्यांनी पुन्हा विचारले. मला उत्तर सुचले नाही.

फोन बसमध्ये माझ्या जागेवर चार्जिंगला होता. तीन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी बस परत आली. कुशलने अनेकदा क्षमा मागितली. वाटेत पुन्हा मोजल्यावर लक्षात आले, असे तो म्हणाला. काकांना सोन्याचा गोळा सापडला की काय, असे एकीने विचारले आणि मला बेसनाचा लाडू दिला. फोनवर विभावरीचा एक कॉल येऊन गेलेला दिसला. मी तिला 'निघालो, थोडा उशीर' असे कळवले. तिचे नेहमीप्रमाणे अंगठ्याचे चित्र आले. घडलेले मी तिला सांगितलेले नाही. तूही सांगू नयेस.

कराराचा कागद टेबलावर आहे. अद्याप सही केलेली नाही. तू लिहिलेस ते विचारण्याचा प्रयत्न दोनदा केला. दोन्ही वेळा हवामानाविषयी बोलून फोन ठेवला.

तुझी माया आहे तशी असो.

राजन

---

राजापूर
३ मे २०२५

चि. राजन यास,
अ. उ. आ.

तिला सांगू नकोस म्हणतोस, पण मला हे कळलं ते तिच्याकडूनच, तुझ्या पत्राच्या आधी.

तुझा तो कार्यक्रमाचा कागद तिने फ्रिजवर लावला होता. आपल्याकडचे दहा वाजले की तुझं 'निघालो' यायचं होतं. दहा वीस झाले तरी आलं नाही. तिने तुला फोन केला, तू उचलला नाहीस. मग कागदाखाली कुशलचा नंबर होता तो लावला आणि राजन बसमध्ये आहे का ते उठून बघा, असं सांगितलं. तो म्हणाला, सगळे आहेत, आत्ताच हजेरी झाली. त्यावर तिने काय ऐकवलं ते तिच्याच शब्दांत लिहिते: "तुमची हजेरी राहू द्या. तो माणूस आजारी पडेल, पण उशीर करणार नाही. त्याची जागा बघा."

कुशलने बघितलं. फोन होता, तू नव्हतास. मग बस वळली.

तिनेच त्याला बजावलं की माझं नाव सांगू नका, ते ओशाळतील. मी तिला असलं काही कबूल केलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आता हवामानाविषयी बोलू नकोस. तोंडाने जमत नसेल तर लिही. तुला अर्ज छान जमतात.

जीव लावून आहे, हे ध्यानात ठेव.

ताई

---

प्रिय विभावरी,

मी, राजन विष्णू पोंक्षे, वाणिज्य पदवीधर, ३० जूनपर्यंत कागदपत्र विभागाचा प्रमुख आणि त्यानंतर कोणत्याही पदावर नसलेला, हे पत्र एका विनंतीसाठी लिहीत आहे.

करार मी आज सही न करता परत केला. तुझे उत्तर येण्यापूर्वीच केला, कारण तुझ्या होकाराची अट घालून विचारणे मला योग्य वाटले नाही.

त्या दिवशी बस का वळली, ते ताईने कळवले. माझ्याबरोबर कोण आहे, असे तेथे मला विचारण्यात आले होते आणि मी निरुत्तर राहिलो होतो. ते उत्तर माझ्याकडे होते. मला ते माहीत नव्हते, ही चूक माझी आहे. 'शेवटची दोन वर्षे' मी तीनदा म्हणालो, तीही माझीच.

वाळूतले तीन कण काचेच्या कुपीत घालून सोबत पाठवत आहे. त्यांना काहीही किंमत नाही.

१ जुलैच्या प्रवासाचा कागद जोडला आहे. तो एकाच जाण्याचा आहे, आणि दोन्ही ठिकाणच्या वेळा लिहिल्या आहेत. मी येऊ का?

होकार असल्यास शारजा सोडताना नेहमीप्रमाणे 'निघालो' असे कळवीन. 'पोचलो' हे मात्र लिहून कळवावे लागू नये, एवढीच विनंती.

तुझा,
राजन विष्णू पोंक्षे
अल नहदा, शारजा
१२ मे २०२५