मधूचा रिटर्न

अहो,

माझं सकाळचं मौन सुटायच्या आत वसमतची बस आहे, म्हणून लिहून ठेवते. नैवेद्य झाकलाय, तेवढा तुम्ही दाखवा.

मधूच्या पीएचडीच्या फेलोशिपवर पगार समजून कर कापला होता. शिष्यवृत्तीला कर नसतो, रिटर्न भरला की परत मिळतो, असं वसमतचे करसल्लागार म्हणाले. तेव्हा आपली मधू जाऊन चार महिने झाले होते. “सध्या कुठं असते पोरगी?” त्यांनी सहज विचारलं. मी म्हणाले, “पुण्यालाच.” खोटं न बोलण्याचा माझा नेम, तरी तोंडातून निघून गेलं. रिटर्नात ती हयातच राहिली. तिच्या फोनवर आलेला ओटीपीही मीच वाचून दाखवला.

आज मृत्यूचा दाखला घेऊन जाते अन् त्यांना खरं काय ते सांगते. वारस म्हणून तुमची सही लागेल, कागद मी घेऊन येते, तेव्हा घरीच थांबा.

रागावू नका. काल कर परत आल्याचा मेसेज वाजला, अन् मी स्वयंपाकघरातून हाक मारली, “मधू, बघ गं, काय आलंय!” तुम्ही मला टोकलं नाहीत. पेपर खाली ठेवून तुम्हीपण तिच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिलात.