मालूचा ण कुठे गेला

२ फेब्रुवारी १९५३
नवी वही. मालूने तिच्या शाळेच्या वह्यांतली कोरी पानं दोऱ्याने शिवून दिली. म्हणाली, "आत्या, आता यात शब्दच नको टिपू, दिवसही लिही." बघू.

इंजिन पुन्हा बंद. भाऊने रहाट मोडून इंजिन बसवलं तेव्हाच म्हटलं होतं, बैल रुसला तर निदान तोंडाकडे बघून कळतं. माणिकपूरहून इंजिनवाला आला. (पुढे इं.वा. लिहीन, बोटं दुखतात.) बावीस-तेवीसचा असेल. बाप मिठागरावर. नाव विचारलं तर म्हणाला, "गनपत." विहिरीत डोकावला आणि म्हणतो, फुटबॉल गेलाय. मी म्हटलं, आमच्यात कोणी खेळत नाही रे. हसायला लागला. पाइपाच्या तळाला जे झाकण असतं, पाणी मागे जाऊ न देणारं, त्याला म्हणतात. शब्द टिपला.

मागच्या दाराच्या खिळ्याला गड्यांसाठी अडकवलेला, पोचे आलेला जर्मन धातूचा पेला आहे, त्यात चहा दिला.

९ फेब्रु.
इंजिन बंद. इं.वा. आला. भाऊ वैतागला. मालूला म्हणाला, "तू उभी राहा तिथे. काय खोलतो, काय लावतो, सगळं लिहून घे. म्हणजे दर वेळी बोलवायला नको." सातवी फायनल झालेली मुलगी घरात आहे तर तिचा उपयोग. मास्तरीण व्हायचं म्हणत होती, तेव्हा हाच म्हणाला होता, आपल्या घरच्या मुली नोकरी करत नाहीत.

मालूने चार पानं लिहिली. अक्षर मोत्यासारखं.

२१ फेब्रु.
तीनदा बंद पडलं या पंधरवड्यात. लिहून घेतलेलं असून. केळी माना टाकायला लागल्या.

२६ फेब्रु.
एक गंमत. मी पानवेलींना पाणी कधी पोचतं बघत पाटाशी उभी होते. मालू वरून ओरडली, "आत्या, पानी आलं का?"

पानी.

या घरात कोणी पानी म्हणत नाही. भाऊ शाळा कमिटीवर गेल्यापासून तर आपल्या घरची जुनी बोलीसुद्धा त्याने उंबऱ्याबाहेर ठेवलीय. पानी म्हणतात ते कोळीवाड्यात, मिठागरावर, पूर्वेच्या भातगावांत.

जीभ घसरली असेल म्हणून सोडून दिलं. पण मला चैन पडेना. जेवताना मुद्दाम विचारलं, बाहेर कोण ओरडतंय गं? ती सहज म्हणाली, "कोन? मला नाही ऐकू आलं." भाऊ ताटावरून मान वर न करता म्हणाला, "ण. मालू, ण."

ती लाल झाली. एवढ्याशा चुकीला माणूस लाल होतो का?

१ मार्च
ण बद्दल विचार करते आहे. मला अक्षरं उशिरा आली. तिशी ओलांडल्यावर, पुड्यांचे कागद वाचून, मग मालूच्या अंकलिपीवरून. ण सगळ्यांत शेवटी बसला. बाणातला ण. बिचाऱ्याचा स्वतःचा असा शब्दच नाही, कुठेही पहिला येत नाही, नेहमी कुणाच्या तरी मागे उभा. आणि त्याच्यावरून माणसाचं घर ओळखतात.

६ मार्च
इं.वा. आला होता. घामाघूम. मागच्या दाराशी येऊन म्हणाला, "आत्याबाई, जरा पाणी द्या."

पाणी. स्पष्ट. दगड उचलून जागेवर ठेवावा तसा ण ठेवला.

मी पेला हातात धरून तशीच उभी. म्हटलं, कुठे शिकलास रे? म्हणाला, "कोण जाणे." तोही ण. कान मात्र लाल.

म्हणजे मालूचा ण हा घेऊन गेला आणि याचा न तिच्याकडे राहिला. एकमेकांशी किती बोलल्यावर असं होत असेल?

८ मार्च
मालूच्या शिवणाच्या डब्यात सुई शोधत होते. तळाशी चामड्याची एक चकती, तेलाने काळी झालेली. इंजिनाचा वायसर.

चकती कमरेला खोचली. ती आंघोळीला गेली तेव्हा तिच्याच चार पानांत बघून वायसर जागेवर बसवला. इंजिन सुरू झालं. मला फार आनंद झाला, आणि मग वाईट वाटलं.

१० मार्च
आज हे लिहूनच टाकते.

मी चंदनसारला चार वर्षं नांदले. भातशेती. तिथे सगळे पानी म्हणत. हे शेतातून आले की अंगणातूनच "पानी" म्हणायचे, माझं नाव घेण्याऐवजी. सहा महिन्यांत मीही म्हणायला लागले. कोणी शिकवलं नाही. ते गेले, मी एकविसाव्या वर्षी परत इथे. पहिल्याच दिवशी विहिरीवर माझ्या तोंडून पानी निघालं. बाबा म्हणाले, "आता तिकडचं तिकडे ठेव." बांगड्या गेल्या होत्याच. तोही शब्द गेला.

त्यानंतर सदतीस वर्षं पाणीच.

१५ मार्च
भाऊने मालूसाठी स्थळ आणलं. आगाशीकडचे, केळीच्या दोन वाड्या, मुलगा मुंबईत कचेरीत. गुरुवारी बघायला येणार. मालूची आई शांता लगेच लाडवांच्या तयारीला लागली. मालू पाटाकडे निघून गेली. इंजिन आठवडाभर नीट चाललंय. (वायसर मी रोज बघते.)

१९ मार्च
पाहुणे आले. मुलाची आई आणि मामा. भाऊने कोट घातला. पाहुणे म्हटलं की त्याला कोट लागतोच, मग कितीही उकडो. ओटीवर खुर्च्या, पितळी तांब्या.

मामांना मुलगी शिकलेली आहे याची खात्री करायची होती. वर्तमानपत्र पुढे केलं. "वाच बघू, हे इथून."

आता दैव बघा, बातमी कसली तर कुठल्याशा गावच्या पाणीपुरवठ्याची. मालूने वाचलं, "पानीपुरवठ्याचे काम". थांबली. मामांकडे बघितलं. मग पुढची ओळ, "स्वच्छ पानी". आवाज जराही हलला नाही.

मामा भाऊला म्हणाले, "मुलगी फायनल झालीय म्हणाला होतात ना? की मिठागरावरच्या शाळेत?"

भाऊचा चेहरा बघवेना.

संध्याकाळी विचारलं तिला, भांडी घासताना. चुकून की मुद्दाम? राख हातात तशीच धरून म्हणाली, "पहिलं चुकून, आत्या. दुसरं मुद्दाम."

२० मार्च
भाऊ मला म्हणाला, "आक्का, हे पानी घरात आलं कुठून?"

म्हटलं, माझ्याकडून असेल. चंदनसारचं.

"सदतीस वर्षांनी?"

म्हटलं, म्हातारपणी जुनं वर येतं.

उठून चपला चढवल्या. मग म्हणाला, "तुझ्या तोंडून तर कधी ऐकलं नाही." आणि वाडीत निघून गेला. मी या घरात त्याच्या जिवावर राहते. कधी त्याने बोलून दाखवलं नाही, हेही खरं. त्याच्याशी खोटं बोलले. पण पूर्ण खोटं तरी होतं का ते?

२६ मार्च
आगाशीचं पत्र. मला वाटलं होतं नकार. तर मुलगी पसंत. "उच्चाराचे काय, आमच्याकडे आल्यावर जीभ वळेल." सोमवारपर्यंत होकार कळवा, मग सुपारी फोडू.

शांता देवापुढे साखर ठेवून आली. भाऊने पत्र दोनदा वाचलं. "जीभ वळेल" तिथे बोट ठेवून म्हणाला, "हे लिहायची काही गरज होती?" त्याला लागलंय. पण होकार देणार.

मालू माझ्या शेजारी येऊन बसली. "आत्या, तू सांग ना बाबांना."

काय सांगू?

"गनपतचं."

पहिल्यांदा नाव घेतलं तिने माझ्यापाशी. विचारलं, तो काय म्हणतो? तर म्हणे, तो म्हणतो आधी शुद्ध बोलायला शिकतो, मग विचारीन तुझ्या वडलांना. आणि हसता हसता रडली.

वाडीवाला आणि मिठागरवाला एका पंगतीला बसत नाहीत. माझ्या उभ्या आयुष्यात बसलेले पाहिले नाहीत. का बसत नाहीत, हे मात्र कधी कोणाला विचारलेलं आठवत नाही. मीच विचारलं नाही.

२७ मार्च
वायसर काढला. इंजिन बंद. गणपतला बोलावणं गेलं. (इं.वा. आता लिहवत नाही.)

विहिरीशी गाठला त्याला. वायसर हातावर ठेवला. म्हणाला, "आत्याबाई, तुम्हीपण?"

म्हटलं, ऐक. सोमवारी होकार जाणार आहे. तुझ्या ण ची वाट बघायला वेळ नाही. मागच्या दाराने येतोस तोवर तू इंजिनवाला. रविवारी पुढच्या दाराने ये, वडलांना घेऊन.

"बा नाय येयाचा. भिईल."

म्हटलं, तू नाही भीत?

इंजिनाच्या पट्ट्यावरून हात फिरवत राहिला. "मी लय भितो," म्हणाला. ण, शुद्ध बोलणं, सगळं विसरला होता.

भाऊ काय करील? मला घालवून देईल का? देणार नाही, असं वाटतं. बोलायचं बंद करील. ते जास्त कठीण.

२९ मार्च, दुपार
घाईत लिहिते. चुलीवर चहा आहे, उकळेपर्यंत.

आले. दोघं. फाटकापाशी थबकले, मागे वळायची सवय पायांना. मी ओटीवरूनच म्हटलं, इकडून या. बाप वाळलेला, काळाभोर, टाचा मिठाने फाटलेल्या. सदरा नवा, घडीच्या रेघा तशाच. खुर्चीवर बसेना. कडेला टेकला, उठला, मी पुन्हा म्हटलं, तेव्हा बसला.

विचारलं, पाणी घेणार?

म्हणाला, "पानी घेऊ की, बाय. चालत आलो नायगावपासून."

गणपतला विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं. "मलापण पानी द्या," म्हणाला. आज ण घरीच ठेवून आला होता.

जर्मनचा पेला खिळ्यालाच राहू दिला. पितळी तांब्या-पेला नेला. पेला बापाच्या हातात देताना माझ्या तोंडून गेलं, "घ्या, पानी." सदतीस वर्षांनी. मालू दाराआड होती, तिने ऐकलं.

भाऊ आत, जेवून आडवा झालेला. खुर्च्यांचा आवाज ऐकून त्याने विचारलं, "आक्का, कोण आलंय?"

इंजिनवाला म्हटलं असतं तर म्हणाला असता, मागे बसव.

मी म्हटलं, "पाहुणे."

आत खाट करकरली. मग, "आज? कुठले?"

म्हटलं, बाहेर येऊन बघ.

कपाटाचं दार वाजलं. कोट घालतो आहे. चहाला उकळी आली.