गप्प मुलींची शाळा

आई, तुला पत्र लिहायचं म्हणजे वेडेपणाच. जिवंतपणी तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊन आता तीस वर्षं झाली. पण परवा सुनेनं विचारलं, नातीला पूर्ण इंग्रजी शाळेत घालू का, आणि माझी बोबडीच वळली.

चाळीस सालानंतरचे ते लढाईचे दिवस. आबा फौजेत, पलीकडच्या मुलुखात. त्यांचं पत्र आलं, पोरीला डोंगरावरच्या इंग्रजी शाळेत ठेवायची, पण आधी तू स्वतः बघ, तुला पटलं तरच ठेव. बायकोवर असं सोपवणारा नवरा अख्ख्या कडेगावात तो एकच असेल. तू शाळेच्या मडमेसाठी गुळाची ढेप फडक्यात बांधलीस आणि आपण मोटारीनं घाट चढलो. अजून दिसतं मला. आपण जेवणघराच्या दारात उभ्या आहोत. चाळीस मुली जेवतायत आणि ऐकू येतायत फक्त चमचे. तू कडेच्या मुलीपाशी वाकतेस. "जेवलीस का गं बाळ?" ती तुझ्याकडं बघते, मग मडमेच्या खुर्चीकडं, आणि ओठ घट्ट मिटते.

थोरांपुढं लेकी-सुनांनी तोंड उघडायचं नाही, या रीतीत तू वाढलेली. तू खूश झालीस. "बघ, किती वळण हाय! न्हाईतर तुजा तोंडाचा पट्टा." झालं, ठरलं. त्या मुलीनं गळ्यातली लाकडी पाटी घाईनं फ्रॉकात सरकवली, ती मी पाहिली होती. मला त्या शाळेचे नवे बूट हवे होते. मी काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी दारात बोट चेमटलं आणि मी "आई गं" म्हणाले. पाटी माझ्या गळ्यात आली. दुसरी कुणी मराठी बोलताना सापडेपर्यंत ती उतरायची नाही, आणि तिला आपणच धरून द्यायचं. संध्याकाळी एक लहान मुलगी पांघरुणात आईला हाका मारत रडत होती. मी जाऊन तिचं नाव सांगितलं. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटायला लागली.

मे महिन्यात घरी आले ती मुकी होऊनच. तू भाकरी वाढायचीस आणि मी आधी दाराकडं बघायचे. तू मीठ-मोहऱ्या ओवाळल्यास, अंगारा लावलास. शेवटी चुलीपुढंच रडलीस, "आगं बोल की माज्यासंग. काय केलं मी तुजं?"

मग मरेपर्यंत जो भेटेल त्याला सांगत राहिलीस, "शाळा मी बघितली. मीच पोरीची जीभ घालवली." मी शेजारी बसून ऐकायचे.

आई, घरी आल्यावर बोलायची ती भीती आठवड्यातच गेली होती. नंतर मला बोलता येत होतं. तुझं ते लय, व्हय, न्हाई ऐकून मला तुझी लाज वाटायची, म्हणून मी सुट्टीभर गप्प राहिले.