माहेर तुझ्या नावावर

कुंभिवली,
३ फेब्रुवारी २०२५

गं. भा. अक्षदा हिस,

अनेक आशीर्वाद. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले. नेरळच्या रोपवाटिकेतल्या विष्णूंशी तू लग्न ठरवलंस, हे मला तुझ्या गावच्या भाजीवालीकडून कळावं? जितेशला जाऊन चार वर्षं झाली, तू एकटीनं किती काढायचं, हे मला कळतं. लग्न कर. पण मग माझ्या भावाचं शेत आणि घर तुझ्या भाच्याच्या, आमच्या साईराजच्या नावावर करून दे. चिमाकाकू तर म्हणाल्या, की दुसरं लगीन केलं की पयल्या नवऱ्याच्या जमिनीवर बाईचा हक्कच ऱ्हात नाय.

खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. बाबा गेले तेव्हा भावाचं मन राखायला मी हक्कसोडपत्रावर सही केली आणि एक साडी घेऊन घरी आले. मी त्या घरात जन्मले, मला साडी. तू बाहेरून आलीस, तुला शेत, घर आणि आता कौतुक करणारा नवराही. आमच्या ह्यांनी जेवलीस का म्हणून विचारल्याला किती वर्षं झाली, मला आठवतही नाही.

लोभ आहेच, सध्या जरा आटलाय.

तुझी,
नम्रताताई

कोंडाणे,
९ फेब्रुवारी

ती. सौ. नम्रताताईंना,

सा. न. वि. वि. मीच आधी सांगायला हवं होतं. तुमच्या रागाला भ्यायले.

कर्जतला वकीलबाईंना भेटून आले. सासूबाई आधीच गेलेल्या, आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे हे गेले त्या दिवशीच त्यांचं सगळं माझं झालं, आणि मी पुन्हा लग्न केलं तरी ते कुणी काढून घेऊ शकत नाही, असं त्या म्हणाल्या. चिमाकाकूंनाही सांगा.

तुम्ही ती सही करायला नको होती, असं मलाही वाटतं. तरी मी साईराजला शेत देणार नाही, ताई. तुमच्या घरच्यांनी हायवेलगतची जमीन गोदामाला दिली, ही तरी ठेवतील का? मी लग्न होऊन आले तेव्हापासून इथं लावणी करतेय.

विष्णू इथंच राहायला येणार आहेत. घराला कुलूप लागणार नाही. दिवाळीला या, आंब्यांच्या दिवसांत या.

मला आईवडील नाहीत. २७ तारखेला गावच्या देवळात लग्न आहे. माझ्या बाजूनं उभं राहायला याल का?

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची,
अक्षदा

कुंभिवली,
१६ फेब्रुवारी

चि. सौ. कां. अक्षदा हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचून डोकं भणभणलं होतं. मग ह्यांनी ते वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला, की कोंडाण्याच्या शेताला भाव काय येईल. मी उठून आत गेले. शेत आमच्याकडे आलं असतं, तर मला जायला माहेरच उरलं नसतं.

ते तुझ्या नावावर आहे, हे मला अजून झोंबतं. जितेशच्या ओटीवर दुसऱ्या माणसानं चपला काढाव्यात, हे त्याहून झोंबतं. मी काही साधुसंत नाही.

येते मी. मुलीकडची म्हणून उभी राहते. विष्णूंना आधीच सांगून ठेव, माझं तोंड फटकळ आहे.

एक मात्र विचारायचं राहिलं. दुसरं लग्न केलं तरी शेत राहतं, घर राहतं. मग नणंद राहते का? वकीलबाईंना विचारू नकोस. तूच सांग.

तुझी,
नम्रताताई