न वितळलेला बर्फ

ओगमुंड,

मेलेल्या राजाचा मुलगा तूच, हे दाखवायला आज तू तापलेलं लोखंड हातात घेऊन नऊ पावलं चाललास. सगळे तुझा तळहात बघत होते. मी बघत होते, तू लोखंड टाकलंस तिथला बर्फ. तो वितळला नाही.

बिशपला म्हटलं, "उद्या राजाचा मुलगा म्हणून माझ्या पोराची पाळी. त्यालाही हेच लोखंड द्या."

तो हसला. "राग्नाबाई, घाबरता कशाला? देव खऱ्याला भाजू देत नाही."

तेव्हापासून त्याने भट्टीचा भाता थांबू दिलेला नाही.

हे पत्र तुला पाठवणार नाही. लोक म्हणतील, हिचा हालवार्ड भ्याला.

आत्ताच त्याने विचारलं, "आई, मी राजाचाच ना?"

मी जरा जास्तच पटकन हो म्हटलं.

हालवार्डची आई,
राग्ना