पेडलवरचा पाय

प्रिय इंद्रजित,

आपण रोज फोनवर बोलतो, मग आईनं पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर मी 'जेवलास का, ड्युटी कुठली' एवढं विचारते आणि ठेवून देते. जे सांगायचं आहे ते तोंडानं होत नाही. लिहिताना निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे.

गेल्या सोमवारी डोळे तपासायला सांगलीला निघाले होते, शेजारच्या सुलाबाईच्या रविराजच्या गाडीतून. इस्लामपूर जवळ आलं तसा त्याला ब्रेक मऊ लागायला लागला. पाय दाबला की पेडल निम्म्याच्या खाली जायचं. हळूहळू चालवत त्यानं गाडी गुंडाच्या गॅरेजला घातली. तुझ्या गॅरेजसमोर पंक्चर काढायचा तोच गुंडा. आता त्याची स्वतःची शेड आहे. त्यानं आधी ब्रेक ऑइलचा डबा बघितला, ऑइल कमी झालं होतं. मग चारी चाकांशी वाकून बघितलं, तर मागच्या डाव्या चाकाकडं नळीच्या जोडाशी ओल होती. पेडल पटापट दाबलं की घट्ट व्हायचं, जरा थांबलं की परत मऊ. "आत हवा शिरलीया," म्हणाला. त्यानं नळी बदलली आणि मग हवा काढायला घेतली. रविराज डब्यात ऑइल ओतायला उभा राहिला. पेडलवर बसायला कोणी नव्हतं. गुंडा म्हणाला, "काकी, तुमीच बसा. लय सोपं हाय. दाबा म्हनलं की दाबायचं, आन मी सोडा म्हनस्तवर पाय हलवायचा न्हाई."

मला नाही म्हणता आलं नाही. चार-पाच वेळा नीट झालं. मग पोटरीत गोळा आला आणि पाय जरासा वर आला. लगेच गाडीखालून गुंडा ओरडला, "काकी, पाय उचलला की ओ तुमी! समदी मेहनत गेली!" रविराज हसून म्हणाला, "काकी, ते पेडल हाय, पुस्तक न्हवं!" त्या दोघांना काय माहीत. मी गुंडाला विचारलं, तुला खाली कसं कळलं रे? तर म्हणाला, "कळतंय की. हवा आत वढली की हातालाच कळतं. चला, पयल्यापासनं."

इंद्रजित, सहा वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी तूही आपल्या दारात असाच आबांच्या गाडीखाली होतास आणि मी पेडलवर. वाचनालयाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करायचं होतं, शेवटची वीस-पंचवीस पानं राहिली होती. मी ते स्टिअरिंगला टेकवून ठेवलं होतं. तू शेवटच्या चाकाची हवा काढत होतास तेव्हा पान उलटताना माझा पाय उचलला गेला. तू खालून विचारलंस, "आई, धरलंस न्हवं?" मी म्हणाले, "धरलंय की." तू जरा वेळ गप्प राहिलास आणि मग हवा काढायचं निपल आवळलंस. तुझ्या त्या गप्प बसण्याचा अर्थ मला सोमवारी कळला. तुझा हात एक सांगत होता आणि आई दुसरं सांगत होती. तू आईचं ऐकलंस.

गल्लीत एक चक्कर मारून आल्यावर तू म्हणालास, पेडल अजून मऊच लागतंय. अंधार झाला होता. "आबा, सकाळी परत एकदा करू, तवर गाडी काढू नगा." सकाळी तू ऑइल आणायला इस्लामपूरला गेलास आणि आबांना आटपाडीच्या बाजाराला शेळ्या बघायला जायची घाई झाली. "पोरगं उगंच भ्या घालतंय, लागतोय की ब्रेक," म्हणाले. चावी माझ्याकडं होती. मी 'जाऊ नका' म्हणाले असते, तर त्यांनी 'का' म्हणून विचारलं असतं. मग पायाचं सांगावं लागलं असतं, पुस्तकाचं सांगावं लागलं असतं. "आमच्या मास्तरीणबाई," म्हणून ते वर्षभर हसले असते. तेवढ्या हसण्याला भिऊन मी चावी दिली. भाकरी बांधून दिली. दुपारी घाटातल्या उतारावरून परक्या माणसाचा फोन आला.

दहाव्याला नाथाजी भावजी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोरानं पाना धरला आन बापाला घालवला." तू मान खाली घातलीस. मी दारात उभी होते. सगळं ऐकून मी पानं वाढायला आत गेले. महिन्याभरात तू गॅरेज बंद केलंस आणि साताऱ्याला कंपनीत पॅकिंगला लागलास. परत कुठल्या गाडीला हात लावला नाहीस. सहा वर्षांत कुणालाही 'आईला विचारा' असं म्हणाला नाहीस. मी समजत होते, तुला माहीतच नाही. त्या आधारावर मी जेवत होते, झोपत होते, पुस्तकं वाचत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

पुढच्या मंगळवारी आबांचं श्राद्ध आहे. तू नेहमीसारखा सकाळच्या एसटीनं येशील. नाथाजी भावजींसकट सगळी भावकी असेल. पानं वाढायच्या आधी मी हे सगळ्यांना सांगणार आहे, पायाचं, पुस्तकाचं आणि चावीचंही. तुला आधी लिहून कळवते आहे, कारण तिथं अचानक ऐकलंस तर तू उठशील. 'आई, तुझ्या काय ध्यानात न्हाई, गप बस,' म्हणशील, आणि लोक तुझंच खरं मानतील. मी तुला ओळखते. तर त्या दिवशी उठू नकोस. माझं बोलून होऊ दे. त्यानंतर तुला माझ्या हातचं जेवावंसं वाटलं नाही, तर तसाच साताऱ्याला जा. मी काही म्हणणार नाही.

तुझीच,
आई